बेल्टला साबण

आमचे भाऊजी तोंडाने गाडी तपासायचे, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो, आणि त्यांनी तोंडातल्या पाण्याची एक धार बरोबर माझ्या बुटावर सोडून मला गप्प केलं होतं. आता ते तोंड राहिलं नाही. ते जाण्यात माझाही हात आहे, म्हणून हे सांगायला बसलोय. नाहीतर मी बरा आणि माझ्या वायरी बऱ्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. धंद्याने मोटार मिस्त्री. लोक त्यांना समोर मिस्त्री म्हणायचे आणि पाठीमागे पिचकारी. त्यांना दोन्ही चालायचं. त्यांच्या शेडमध्ये मी गाड्यांचं वायरिंग बघतो, अठरा वर्षं झाली. शेड म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथी बाजू रस्त्याला उघडी. आत दोन गाड्या मावतात, तिसरी आली तर तिचं बूड रस्त्यावर. मागे मोरी, मोरीच्या कट्ट्यावर धुण्याचा पिवळा साबण आणि भाऊजींचा स्टीलचा पेला. त्या पेल्याला दुसऱ्या कुणी तोंड लावलेलं त्यांना खपायचं नाही. "हत्यार आहे ते," म्हणायचे.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी बेल्ट असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो आणि आपल्याबरोबर पाण्याचा पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना फिरवतो. सकाळी चालू केली की कुईंऽऽ करून अख्खी गल्ली उठवणारी गाडी तुम्ही ऐकलीच असेल. तो या बेल्टचा आवाज. आता बेल्ट स्वतः ओरडतोय, की ज्या पुल्यांवरून तो फिरतो त्यातली एखादी त्याला ओरडायला लावतेय, हे शोधायला डोकं लागतं. बाकीचे मिस्त्री काय करतात? सरळ नवा बेल्ट घालतात. आठ दिवसांनी गाडी परत कुईं करत दारात.

भाऊजींचा एक हात ॲक्सिलरेटरच्या वायरवर असायचा. दुसऱ्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पाणी तोंडात. मग नेम धरून फिरत्या बेल्टच्या आतल्या खाचांवर बारीक धार. ओला झाल्यावर आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली वाकडी बसलीय आणि बेल्ट कडेला घासतोय. आवाज उलट वाढला, तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. आणि पाण्याने काही म्हणता काही फरक पडला नाही, तर बेल्ट बिचारा निर्दोष, आतलं कुठलं तरी बेअरिंग गेलंय. मी एकदा मोठ्या हौसेने फवाऱ्याची बाटली आणून दिली. त्यांनी ती ताईच्या कुंड्यांना देऊन टाकली. "बाटलीला नेम नसतो रे," म्हणाले.

तरीही शंका राहिली तर ते बेल्ट काढायचे आणि इंजिन अर्धा मिनिट तसंच चालवायचे. आवाज गेला तर रोग बेल्टच्या वाटेवर, नाही गेला तर भलतीकडे. पण बेल्ट नाही म्हणजे पाण्याचा पंप बंद, आणि जास्त वेळ चाललं तर इंजिन भाजून निघणार. म्हणून काढलेला बेल्ट ते गळ्यात घालायचे. गळ्यात बेल्ट आहे तोवर गाडीपासून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, प्रत्यक्ष सासरा दारात आला तरी ओ द्यायची नाही. काढलेला बेल्ट खुंटीला टांगलेला मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंजिन चालू असताना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. बोट गोल फिरवलं की पुली. तळहात तिरका केला की वाकडी. कानाशी मूठ हलवली की बेअरिंग. आणि एक खूण खास माझ्या नावाची होती.

त्याचं असं झालं. एक कारकून होते, पांढऱ्या जुन्या गाडीचे मालक. गाडी रोज सकाळी किंचाळायची आणि शेजारी खिडकीतून बघायचे, याची त्यांना भयंकर लाज. भाऊजी सामान आणायला गेलेले. कारकून म्हणाले, "काही करा हो, आवाज तेवढा बंद करा." मला दया आली म्हणा, किंवा शहाणपणा दाखवायची खाज. मी इंजिन बंद करून मोरीवरचा पिवळा साबण घेतला आणि बेल्टच्या आतून छान घासला. गाडी चालू केली. चकार शब्द नाही! कारकून माझे हात हातात घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी ती गाडी हमरस्त्यावर बसली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जड झालेलं, म्हणून बेल्ट त्यावर घसरून किंचाळत होता, आणि आता ते पुरतं जाम, बेल्टच्या चिंध्या, इंजिन उकळलेलं. बायको आणि दोन पोरींना घेऊन बिचारे दुपारपर्यंत उन्हात बसले होते. भाऊजी मला शिव्या घालतील असं वाटलं. त्यांनी पंप सोडवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फिरव. कानाशी धर."

मी फिरवला. आत वाळू भरल्यासारखी खरखर.

"हा महिनाभर ओरडून सांगत होता," ते म्हणाले. "तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

त्यानंतर ती खूण आली. उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहाताच्या कडेवरून घासायचा, साबण लावल्यासारखा. म्हणजे, वरवरची मलमपट्टी. दुसऱ्या कुणी केलेलं टाकाऊ काम समोर आलं की ती खूण. घरी एखादा नातेवाईक गोड गोड बोलून वेळ मारून न्यायला लागला की भाऊजी मान न हलवता माझ्याकडे बघायचे आणि अंगठा घासायचे. माझी हसून पुरेवाट. ताई डोळे वटारायची. "काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"काही नाही गं, शेडमधलं आहे," मी म्हणायचो.

ताईला शेडमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ती घरी शाळेचे गणवेश शिवते, स्वच्छतेचं वेड आहे तिला. जेवायच्या आधी भाऊजींचे हात बघायची, शाळेतल्या बाईंसारखी. "नखं दाखवा. हे काय? पुन्हा जा." एवढा उंचपुरा माणूस मान खाली घालून परत नळाशी जायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या नखांतलं काळं काही ताईला हरलं नाही.

गेल्या वर्षी भाऊजींचा दात तुटला. पक्कड हाताशी नव्हती म्हणून एक क्लिप दाताने ओढायला गेले आणि खालच्या दाढेचा कोपरा उडाला. दुखलं नाही, फक्त तुटलेली धार जिभेच्या कडेला घासायला लागली. आता यावर माणूस काय करेल? दातवाल्याकडे जाईल. आमच्या मिस्त्रींनी काय केलं असेल? झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला, शेडमधल्या आरशाच्या तुकड्यासमोर उभे राहिले आणि दाढ घासली! बॉनेटला पॉलिश मारावं तशी. मग जीभ फिरवून बघितली आणि मला म्हणाले, "गुळगुळीत. पुली सरळ झाली."

मी हसलो. हो, हसलो मी. पुढे ही गोष्ट मी चार जणांना रंगवूनही सांगितली.

पण जिभेच्या कडेला जखम राहिली. दोन आठवडे झाले, महिना झाला. तिखट लागेना, मग चहाही गरम चालेना. पाण्याची चूळ सोडताना ते एक डोळा बारीक करायला लागले. मी म्हटलं, भाऊजी, दाखवून या. ते म्हणाले, "तोंड आलंय, जाईल." त्यांना व्यसन काडीचं नाही. तंबाखू नाही, सिगारेट नाही, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. ज्याला व्यसन नाही त्याला तोंडाचं वाईट दुखणं होत नाही, अशी आम्हा सगळ्यांची ठाम समजूत. आमच्या अकलेचे दिवे, दुसरं काय.

आणि मग मी माझं ते शहाणपण पुन्हा पाजळलं. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. जखमेवर लावली की जागा बधिर होते, अर्धा-पाऊण तास काही जाणवत नाही. भाऊजींनी लावली, पेला तोंडाला लावला, धार सोडली. डोळा बारीक झाला नाही. "झकास!" म्हणाले. पहिली ट्यूब संपली, मी दुसरी आणली, मग तिसरी. चार महिने आणत होतो. ताईला सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. ती घाबरते म्हणून.

एवढा मोठा कानाचा मिस्त्री! दुसऱ्याच्या गाडीचं बेअरिंग गेलेलं गल्लीच्या तोंडाशी ओळखायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्यांच्यावर चिडतो मी, मग आठवतं की ट्यूब मी आणत होतो.

एका दुपारी मी गाडीखालून बाहेर आलो आणि बघतो तर बेल्ट खुंटीला. बेल्ट काढलेली गाडी चालू, भाऊजी तिच्यापाशी उभे, आणि गळा मोकळा.  इंजिन बंद झाल्यावर मी बेल्ट काढून आणला आणि गमतीने त्यांच्या गळ्यात घालायला गेलो. ते एकदम मागे सरकले. "नको, लागतो."

"कुठे लागतो?"

 मीच हात लावून बघितलं. जबड्याखाली, उजव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. कडक, जागची न हलणारी.

त्या दिवशी शेड दुपारीच बंद झाली. मोठ्या दवाखान्यात गेलो. तुकडा काढून तपासायला दिला, आणि आठ दिवसांनी जे ऐकायचं नव्हतं ते ऐकलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. "जीभ अर्ध्याहून जास्त काढावी लागेल, मानेतल्या गाठीही. मग किरणांचा शेक. आधी आला असतात तर दातवाल्याकडेच काम झालं असतं." ताईने भाऊजींकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी तिला तिथेच, लोकांसमोर, ट्यूबचं सगळं सांगून टाकलं. ती भाऊजींची पिशवी उचलून बाहेर गेली. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

ऑपरेशन झालं, शेक झाला. माणूस निम्मा झाला. बोलणं गेलं. म्हणजे आवाज निघायचा, पण शब्द होत नव्हते. ताईने पाटी-पेन्सिल आणून ठेवली होती, पण पान्याशिवाय ज्याने कधी हातात काही धरलं नाही तो पाटीवर काय लिहिणार? ते खुणा करायचे. शेडमधल्या. मान दुखली की कानाशी मूठ हलवायचे. उशी सरळ करायची असली की तळहात तिरका. मी ताईला अर्थ सांगायचो आणि ती करायची. एकदा माझ्या हातातून उशी हिसकावून घेत म्हणाली, "बावीस वर्षं संसार मी केला, आणि यांच्या खुणा कळतात तुला."  मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दोन महिन्यांनी ते एकदा शेडमध्ये आले. हट्टच धरला होता. एक गाडी होती, चिवचिवणारी, दोन मिस्त्र्यांनी दोन बेल्ट घालून सोडून दिलेली. भाऊजींनी मोरीवरचा पेला घेतला, स्वतः धुतला, भरला, घोट घेतला. ओठ मिटेनात. नेम धरून मान पुढे केली आणि सगळं पाणी हनुवटीवरून शर्टात. गाडीचा मालक सभ्य होता, रस्त्याकडे बघत उभा राहिला. भाऊजींनी बाहीने तोंड पुसलं. परत घोट घेतला, परत तेच. मग त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. तोच पेला.

मी घोट घेतला आणि धार सोडली. अर्धी अल्टरनेटरवर, अर्धी माझ्या पँटवर. कसाबसा एक थेंब बेल्टला लागला असेल. चिवचिव थांबली आणि लगेच परत आली. भाऊजींनी बोट फिरवलं, तळहात तिरका केला. पुली वाकडी. मी पट्टी लावून मापली, खरंच वाकडी होती, जेमतेम नखाएवढी. मालक म्हणाला, "वा मिस्त्री!" भाऊजींनी पेला माझ्या हातातून घेतला नाही. तो मोरीवर मीच ठेवला. त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत.

गेल्या महिन्यात दुसऱ्या बाजूला गाठ आली. मग गळ्याशी. रात्रंदिवस दुखायचं. ताई शिवणाचं मशीन बंद ठेवून त्यांच्या उशाशी बसून असायची, आणि गिऱ्हाइकांचे गणवेश तसेच कापलेले पडलेले.

मंगळवारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नवे फोटो दिव्यावर लावून पाहिले, मग काढून पाकिटात घातले. त्या आज नेहमीइतक्या स्पष्ट बोलेनात. म्हणाल्या, "आता आपण दुखणं कमी करण्याकडे लक्ष देऊ. हे पातळ औषध, दर चार तासांनी. चुकवायचं नाही. दुखणार नाही, झोप लागेल."

ताईने पदर सावरला. "म्हणजे परत ऑपरेशन नाही?"

"नाही. ऑपरेशन नाही करायचं."

"आणि शेक?"

"नाही. तोही आता नको."

"सुटलो बाई एकदाचे!" ताई म्हणाली, आणि दोन्ही हात जोडले तिने. "मला धाकधूक होती, परत कापतात की काय. दुखायचं तेवढं थांबू दे, मग अंगात ताकद यायला वेळ नाही लागायचा. खायला काय काय देऊ यांना?" कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. या बाईंना समजावणं तुमच्याकडे, अशा नजरेने. मी टेबलावरच्या औषधाच्या बाटलीकडे बघत राहिलो.

मग मला भाऊजींचा हात दिसला. ते खुर्चीत ताठ बसले होते, नजर माझ्यावर. डावा तळहात मांडीवर उभा धरलेला, आणि उजवा अंगठा त्याच्या कडेवरून सावकाश पुढे-मागे घासत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. नातेवाइकांमध्ये बसून करायचे तसंच, मान न हलवता.

 हसू येण्याची जागा होती ती. इतकी वर्षं मी त्या खुणेला हसत आलोय.

ताईचं लक्ष गेलं. "काय म्हणतायत रे?" तिने मला विचारलं. "सांग ना, काय हवंय यांना?"

भाऊजींचा अंगठा थांबला. ते माझ्याकडे बघत होते. सांग असंही नाही, नको असंही नाही. 

"हात धुवायचेत म्हणतात," मी म्हणालो.

"एवढंच ना!" ताई उठलीच. खोलीच्या कोपऱ्यात बेसिन होतं. तिने भाऊजींना काखेत हात घालून उठवलं आणि ते उठले. तिच्याबरोबर पावलं टाकत गेले, शहाण्या मुलासारखे नळाखाली हात धरले, आणि तिने साबण लावला तेव्हा एकेक बोट धुवायला पुढे केलं. एकदाही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.

"नीट धुवा हो," ताई म्हणत होती. "आठ महिने शेडमध्ये काम नाही आणि नखांत काळं अजून आहेच."